एका फाइलीतून चौदा: निपाणी भागातल्या दूध संस्थेच्या रुबी प्रोग्रॅमचं प्रकरण

पार्श्वभूमी

निपाणी भागातल्या एका गावातली ही दूध संस्था. सकाळ-संध्याकाळ संकलन, २१४ सभासद, दर महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला बिल. काही सभासदांना पावती मराठीत लागते, काहींना कन्नडमध्ये. बिलाचा प्रोग्रॅम बेळगावात टिळकवाडीतल्या दोन माणसांच्या छोट्या ऑफिसनं रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला होता. सुरुवातीला तो ३०० ओळींचा होता आणि एकाच फाइलीत होता. तेव्हा ते योग्यच होतं. पुढे पशुखाद्याची कपात आली, उचल आली, फरक बिल आलं, कन्नड पावती आली. फाइल १,८४० ओळींवर पोचली आणि त्यात १७ क्लास, म्हणजे एकेका कामाचे वेगळे कप्पे, झाले.

एक खुलासा आधीच करायला हवा. इथे क्लासची, फाइलींची आणि रुबीच्या आज्ञांची नावं वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये ती रोमन लिपीत आहेत, आणि क्लासच्या बाबतीत तसं असण्याला कारण आहे. रुबी २.० पासून फाइल आपोआप यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणाऱ्या पद्धतीतली) मानली जाते, त्यामुळे मेथडचं (क्लासमधल्या एकेका कृतीचं) किंवा व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवलं तरी चालतं. क्लास आणि मॉड्यूल (क्लास किंवा मेथड एकत्र ठेवायचं घर) यांचं नाव मात्र मोठ्या अक्षरानं सुरू व्हावं लागतं. देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा भेदच नाही, म्हणून असं नाव रुबी कॉन्स्टंट (एकदा ठरलं की न बदलायचं नाव) मानत नाही आणि फाइल चालायच्या आधीच चूक दाखवते.

अडचण

ऑफिसात खानापूरकडची एक नवी सहकारी रुजू झाली आणि मूळ प्रोग्रॅमर व ती, असे दोघं एकाच फाइलीवर काम करू लागले. तो कपातीचा भाग बदलायचा, ती कन्नड पावतीचा. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात दोन्ही बदल जोडताना दर वेळी अडकायचं. याहून मोठी अडचण अशी की फाइल उघडली की तिच्या शेवटी बिल काढायची आज्ञाच होती. एखादा क्लास एकटा तपासायचा म्हटलं तरी आख्खं बिल चालू व्हायचं.

फाइली वेगळ्या करायचं ठरलं ते ८ तारखेला. ९ आणि १० तारखेला काम करून १० च्या संध्याकाळी नवा प्रोग्रॅम संस्थेच्या कॉम्प्युटरवर चढवला. ११ तारीख बिलाची. या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक हीच, आणि तिचा रुबीशी काही संबंध नाही.

पहिला प्रयत्न

पहिली पद्धत साधी होती. प्रत्येक क्लास कापून वेगळ्या फाइलीत टाकला, सगळ्या फाइली लिब नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि मुख्य फाइलीत एकच ओळ लिहिली: डिर.ग्लॉब वापरून फोल्डरमधली प्रत्येक फाइल शोध आणि रिक्वायर कर, म्हणजे वाचून प्रोग्रॅमला जोड. बेळगावातल्या विंडोज लॅपटॉपवर रुबी ३.२ होती. तिथे सगळं सुरळीत चाललं.

संस्थेच्या कॉम्प्युटरवर उबुंटू २०.०४ होतं आणि त्याच्यासोबत येणारी रुबी २.७. सकाळी आठला बिल काढायला घेतलं आणि एकामागून एक तीन चुका समोर आल्या.

पहिली, फाइल सापडत नाही. एका ठिकाणी रिक्वायर_रिलेटिव्ह (चालू फाइलीपासून पत्ता मोजणारं रिक्वायर) लिहिताना फाइलीच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं लिहिलं होतं, फाइलीचं खरं नाव मात्र सगळं लहान अक्षरांत. विंडोज अक्षर लहान की मोठं ते बघत नाही, लिनक्स बघतं. ही चूक फोनवर सांगून दोन मिनिटांत दुरुस्त झाली.

दुसरी, बेस_पावती नावाचा कॉन्स्टंट नाही असा एरर. कन्नड_पावती आणि मराठी_पावती हे दोन्ही क्लास बेस_पावतीचे वारस, म्हणजे तिच्याच पायावर बनलेले. रुबी ३.० पासून डिर.ग्लॉब फाइलींची नावं वर्णक्रमानं लावून देते. इंग्रजीत बी आधी, मग के, मग एम, त्यामुळे लॅपटॉपवर बेस आपोआप पहिला लोड होत होता. रुबी २.७ असं काही लावत नाही. फाइल सिस्टम ज्या क्रमानं देईल तो क्रम. संस्थेच्या कॉम्प्युटरवर कन्नड_पावती आधी आली आणि तिचा आईबाप अजून जन्मालाच आला नव्हता. लॅपटॉपवरचं चालणं हा निव्वळ इंग्रजी वर्णमालेचा योगायोग होता. रुबी नवी करून घेणं हा त्यावरचा उपाय नाही. उद्या कोणी ॲडव्हान्स_पावती जोडली की ए हा बीच्या आधी येतो आणि तोच एरर लॅपटॉपवरही दिसतो.

तिसरी, डेटा नावाचा कॉन्स्टंट नाही. जुन्या फाइलीत दरपत्रक फाइलीच्या तळाशी, __एंड__ या खुणेखाली ठेवलं होतं आणि प्रोग्रॅम ते डेटामधून वाचायचा. ही सोय फक्त जी फाइल थेट चालवली जाते तिलाच मिळते. रिक्वायर केलेल्या फाइलीत __एंड__ खालचा मजकूर रुबी सोडून देते. दरपत्रकाचा क्लास वेगळ्या फाइलीत गेला, तळाचा मजकूरही त्याच्यासोबत गेला, आणि वाचायला काही उरलं नाही. ही चूक लॅपटॉपवर दिसली नाही, कारण तिथे तपासताना दर हातानं दिले होते.

निर्णयाची पहिली वेळ

दुसरा एरर आला तेव्हा पावणेनऊ वाजले होते. संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला: "लोकं दारात येऊन उभारल्यात. बिलं कवा निघायची तेवढं सांगा." मूळ प्रोग्रॅमरचं म्हणणं होतं, एकेक एरर सुटतोय, अजून दहा मिनिटं बघू. सहकारी म्हणाली, "जुनी फाइल परत ठेवूया की दादा, मग निवांत बघू." तरी आणखी अर्धा तास गेला. तिसरा एरर आल्यावर जुनी फाइल परत ठेवली आणि पाच मिनिटांत बिलं सुरू झाली.

तिचंच बरोबर होतं. फाइल लोड होताना आलेला एरर हा पहिला अडथळा असतो, एकमेव नसतो. रुबी पहिल्या चुकीवर थांबते, त्यामुळे पुढे किती चुका दडल्या आहेत ते कळायला मार्गच नसतो. अशा वेळी 'अजून दहा मिनिटं' या अंदाजाला आधार नसतो.

कोणते पर्याय होते

बिलं वाटून झाल्यावर दोघांनी नव्यानं विचार केला. मूळ मुद्दा फाइली किती करायच्या हा नव्हताच. कोणती फाइल कोणाच्या आधी लागते आणि ते कुठे लिहायचं, हा होता.

एकच फाइल ठेवून आत ठळक टिपण्या टाकायच्या, हा पर्याय लगेच बाजूला पडला. दोघांना एकत्र काम करायचं होतं.

मुख्य फाइलीत रिक्वायर_रिलेटिव्हची यादी क्रमानं लिहायची, हा दुसरा. वाचायला सोपा आणि लहान प्रोग्रॅमला पुरेसा. पण क्रम का तसा आहे हे यादीत दिसत नाही. सहा महिन्यांनी कोणीतरी यादी नीटनेटकी करायला जातो आणि बिघडवतो.

रुबीत ऑटोलोडही आहे. कॉन्स्टंटचं नाव आणि फाइल सांगून ठेवायची. नाव पहिल्यांदा वापरलं गेलं की फाइल लोड होते. क्रमाची कटकट संपते, पण चूक उशिरा कळते. फाइलीच्या नावात गडबड असेल तर चाळीस मराठी पावत्या छापून झाल्यावर पहिल्या कन्नड सभासदापाशी प्रोग्रॅम पडतो. बिलाच्या कामात निम्मं छापून थांबणं हे मुळीच न छापण्यापेक्षा वाईट.

चौथा पर्याय झाइटवर्क. झाविएर नोरिया यांनी लिहिलेलं हे जेम (रुबीला जोडायचं तयार पॅकेज) २०१९ मध्ये रेल्स ६ या रुबीच्या वेब फ्रेमवर्कसोबत मुख्य प्रवाहात आलं. फाइलीचं नाव आणि आतल्या कॉन्स्टंटचं नाव ठराविक नियमानं जुळलं की रिक्वायर लिहायचीच गरज नाही, आणि ईगर लोड केलं की सगळ्या फाइली सुरुवातीलाच तपासून घेता येतात. मोठ्या प्रोग्रॅमला हेच उत्तम. इथे ते घेतलं नाही, कारण संस्थेच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट भरवशाचं नव्हतं आणि बाहेरचं एकही जेम न लागणं ही त्या प्रोग्रॅमची मोठी सोय होती. झाइटवर्कचा नाव जुळवायचा नियम मात्र दोघांनी पाळायचं ठरवलं.

शेवटी ठरलं ते असं: ज्या फाइलीला लोड होतानाच दुसऱ्याची गरज आहे तिनं ती स्वतः मागायची, आणि मुख्य फाइलीनं सगळ्या फाइली मागायच्या.

लोड होताना काय लागतं

या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो सत्कारणी लागला. रुबी क्लासच्या अंगातल्या ओळी फाइल लोड होतानाच चालवते. मेथडच्या आतल्या ओळी मेथड बोलावली जाईल तेव्हा चालतात. त्यामुळे लोडच्या वेळी खरोखर लागतात त्या मुख्यतः तीन गोष्टी: वारसा ज्याच्याकडून घेतला तो क्लास, क्लासमध्ये मिसळलेलं (इन्क्लूड किंवा एक्स्टेंड केलेलं) मॉड्यूल, आणि क्लासच्या अंगात थेट वापरलेला कॉन्स्टंट. मेथडच्या आत सभासद किंवा हिशेब असं नाव आलं तर ते तेव्हा असण्याची गरज नाही, बिल काढायच्या वेळी असलं की झालं.

हे कळल्यावर एक जुना गुंता सुटला. सभासद क्लासला हिशेब लागत होता आणि हिशेबाला सभासद. दोन्ही फाइलींनी एकमेकांना रिक्वायर केलं की रुबी -डब्ल्यू (इशारे दाखवायचा पर्याय) लावून चालवल्यावर चक्राकार रिक्वायरचा इशारा देते, आणि तो खरा धोका असतो: दुसरी फाइल पहिलीचं अर्धवट रूप बघते. प्रत्यक्षात दोघांनाही एकमेकांची गरज फक्त मेथडच्या आत होती. दोन्ही ओळी काढून टाकल्या, मुख्य फाइल दोघांना लोड करते, चक्र संपलं.

१७ क्लासपैकी फक्त पाच फाइलींना स्वतःचं रिक्वायर_रिलेटिव्ह लागलं. रिक्वायर आणि रिक्वायर_रिलेटिव्ह दोन्ही फाइल एकदाच लोड करतात, म्हणून तीच फाइल दोघांनी मागितली तरी बिघडत नाही. लोड ही आज्ञा मात्र दर वेळी पुन्हा चालवते आणि कॉन्स्टंट आधीच ठरलेला आहे असे इशारे येऊ लागतात. ती इथे कुठेही वापरली नाही. साध्या रिक्वायरऐवजी रिक्वायर_रिलेटिव्ह घेतलं, कारण रुबी १.९.२ पासून, म्हणजे २०१० पासून, चालू फोल्डर लोड पाथमध्ये (रिक्वायर जिथे फाइल शोधतं त्या यादीत) नसतं. संस्थेत प्रोग्रॅम डेस्कटॉपवरच्या चिन्हावर क्लिक करून चालतो आणि तेव्हा चालू फोल्डर कोणतं असेल याची खात्री नाही. त्याच कारणानं दरपत्रक सीएसव्ही फाइलीत काढलं आणि तिचा पत्ता __डिर__ पासून, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलीच्या स्वतःच्या फोल्डरपासून, मोजला.

दुसरा प्रयत्न

या वेळी एक शिस्त पाळली: हलवताना बदलायचं नाही. एका वेळी एक क्लास, एक कमिट (गिटमधली एक नोंद), आणि त्या कमिटमध्ये कापणं आणि चिकटवणं याशिवाय काही नाही. मेथडचं नाव खटकलं तरी हात लावायचा नाही. असं केलं तर गिट ब्लेम या आज्ञेला मोठ्या अक्षरातला -सी हा पर्याय देऊन ओळ मुळात कोणी कधी लिहिली ते शोधता येतं. हलवणं आणि सुधारणा एकत्र झाली की तो माग तुटतो.

मांडणी अशी झाली. बिन फोल्डरमध्ये बिल काढायची छोटी फाइल, तीच थेट चालवायची. लिबमध्ये दूध.आरबी ही सगळ्यांना मागणारी फाइल. लिब/दूध या फोल्डरमध्ये एकेक क्लास: दूध मॉड्यूलमधला एसएनएफ (फॅट सोडून दुधातल्या घन पदार्थांचा हिशेब), म्हणजे दूध::एसएनएफ, असेल तर लिब/दूध/एसएनएफ.आरबी. स्वतःच्या एररचे तीन चार ओळींचे चार क्लास एकाच फाइलीत ठेवले. एका क्लासला एक फाइल हा नियम झाइटवर्क नसताना रुबीचा नाही, माणसांच्या सोयीचा आहे, आणि चार ओळींसाठी वेगळी फाइल उघडणं ही सोय नव्हे. म्हणून १७ क्लासच्या चौदा फाइली झाल्या.

कापताना दोन गोष्टी निसटल्या. मूळ फाइलीच्या डोक्यावर रकमेत लाख-हजारांचे स्वल्पविराम घालणारं रिफाइनमेंट (रुबीच्या तयार क्लासमध्ये घातलेली मर्यादित भर) यूझिंग या आज्ञेनं चालू केलं होतं. त्याचा अंमल त्या फाइलीपुरताच असतो. पावत्यांच्या फाइली वेगळ्या झाल्यावर मेथड सापडेना. ती ओळ प्रत्येक पावतीच्या फाइलीत पुन्हा लिहावी लागली. दुसरी गोष्ट कन्नड_पावतीची. तिच्यात अंकांची एक मेथड वाढवणारी वेगळी फाइल होती आणि तिथे क्लास उघडताना वारसा लिहिला नव्हता. ही फाइल आधी लोड झाली की रुबी वारसा नसलेला नवा क्लास बनवते, आणि मग खरी फाइल आल्यावर सुपरक्लास (वारसा देणारा क्लास) जुळत नाही असा एरर देते. त्या फाइलीनं आधी खरी फाइल मागावी, अशी एक ओळ पुरली.

प्रत्येक फाइल एकटी उभी राहते का हे तपासायला एक छोटी स्क्रिप्ट केली. लिबमधल्या प्रत्येक फाइलीसाठी रुबीची नवी प्रोसेस सुरू करायची, -डब्ल्यू लावायचं, आणि तेवढी एकच फाइल रिक्वायर करायची. नवी प्रोसेस महत्त्वाची; एकाच प्रोसेसमध्ये सगळ्या तपासल्या तर आधीची फाइल नंतरचीची उणीव झाकते. रुबीचा लहान अक्षरातला -सी पुरत नाही, तो फक्त व्याकरण बघतो. ही स्क्रिप्ट लॅपटॉपवर आणि संस्थेसारख्याच उबुंटू व रुबी २.७ असलेल्या कॉम्प्युटरवर, दोन्हीकडे चालवली.

न बोलणारी चूक

सगळ्या फाइली लोड झाल्या, एरर नाही, इशारा नाही. मग गेल्या तीन बिलांची नोंद घेऊन जुन्या आणि नव्या प्रोग्रॅमनं पावत्या काढल्या आणि फाइलींची ओळीनं ओळ तुलना केली. म्हशीच्या पावत्या तंतोतंत जुळल्या. गायीच्या एकूण एक वेगळ्या आल्या, आणि फरक लिटरमागे काही पैशांचा.

या संस्थेत म्हशीचा दर फक्त फॅटवर आहे, गायीचा फॅट आणि एसएनएफ दोन्हींवर. म्हणजे गडबड एसएनएफमध्ये. सूत्र असं: सीएलआर (लॅक्टोमीटरचं दुरुस्त केलेलं वाचन) भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२ पट, अधिक एक ठराविक दुरुस्ती. दुरुस्तीचा आकडा दूध घेणाऱ्या संघानं आधी ०.३६ ठरवला होता, पुढे ०.४४ केला. जुनी बिलं पुन्हा छापायला लागतात म्हणून ०.३६ हा दुरुस्ती कॉन्स्टंट फाइलीच्या डोक्यावर तसाच ठेवला होता, आणि ०.४४ त्याच नावानं दूध मॉड्यूलच्या आत. मूळ फाइलीत एसएनएफ क्लास मॉड्यूलच्या पोटात होता. नव्या फाइलीत एक पायरी आत सरकणं वाचवायला तो थोडक्यात लिहिला गेला:

क्लास दूध::एसएनएफ

दिसायला दोन्ही सारखे. रुबी मात्र कॉन्स्टंट आधी फाइलीत डोळ्यांना दिसणाऱ्या घरांत शोधते. मॉड्यूल दूध आणि आत क्लास एसएनएफ असं लिहिलं तर दूध हे एक घर असतं. दूध::एसएनएफ असं एका दमात लिहिलं तर ते घर नसतं. मग शोध वारशाच्या साखळीनं ऑब्जेक्ट या मूळ क्लासपर्यंत जातो. फाइलीच्या डोक्यावरचे कॉन्स्टंट तिथेच राहतात, म्हणून तिथे ०.३६ सापडतो. सापडतो म्हणून एरर नाही. सीएलआर २९ आणि फॅट ४.० असलेल्या दुधाचं एसएनएफ ८.४९ ऐवजी ८.४१ आलं, एका दशांशावर ८.५ ऐवजी ८.४. दर खालच्या पायरीवर गेला.

उपाय सोपा होता. सगळ्या फाइलींत मॉड्यूल वेगळ्या ओळीवर उघडायचं:

मॉड्यूल दूध
  क्लास एसएनएफ

आणि ०.३६ ला जुनी_दुरुस्ती असं वेगळं नाव दिलं. हे नाव बदलणं वेगळ्या कमिटमध्ये.

निर्णयाची दुसरी वेळ आणि निकाल

हा फरक १९ तारखेला सापडला आणि त्याच दिवशी सुटला. २१ ला नवा प्रोग्रॅम लावता आला असता. लावला नाही. २१ चं बिल जुन्यानं काढलं, त्याच वेळी नव्यानंही काढून फक्त तुलना केली. २१४ सभासदांच्या पावत्या एकही अक्षर न बदलता जुळल्या. पुढच्या १ तारखेपासून नवा प्रोग्रॅम चालू झाला, जुनी फाइल तिथेच बाजूला ठेवून.

सगळ्यात मोठी फाइल, बेस_पावतीची, आता २६० ओळींची आहे. नंतर पशुखाद्याच्या कपातीचा नियम बदलला तेव्हा एकाच फाइलीत ११ ओळी बदलल्या, आणि त्याच आठवड्यात कन्नड पावतीवर चाललेल्या कामाशी तो बदल अडकला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पावत्यांची तुलना शेवटी केली, ती पहिल्या दिवशी करायला हवी होती. एकही ओळ हलवायच्या आधी जुन्या प्रोग्रॅमच्या पावत्या साठवून ठेवल्या असत्या आणि प्रत्येक कमिटनंतर तुलना चालवली असती, तर एसएनएफची चूक ज्या कमिटमध्ये शिरली तिथेच पकडली गेली असती. प्रत्यक्षात ती शोधायला जवळजवळ आख्खा दिवस गेला.

रुबीची आवृत्ती दोन्हीकडे सारखी ठेवणं हे तर फाइली कापायच्याही आधीचं काम. लॅपटॉपवर २.७ असती तरी विंडोजची फाइल सिस्टम नावं साधारण वर्णक्रमानंच देते, म्हणून क्रमाची चूक तिथे कदाचित झाकलीच राहिली असती. तपासणी लिनक्सवर करण्याला पर्याय नव्हता.

आणि बिलाच्या आदल्या संध्याकाळी काही चढवायचं नाही. या संस्थेसाठी आता बदल २ ते ६, १२ ते १६ आणि २२ ते २६ या तारखांनाच होतात.

बेस_पावतीच्या त्या २६० ओळींत अजून बेरीज आणि छपाई एकत्र आहे. फाइल वेगळी झाली, क्लास मात्र आतून तसाच आहे. हलवताना बदलायचं नाही हा नियम पाळल्यामुळे ते तसं राहिलं, आणि ते काम आता वेगळ्या कमिटांची वाट बघतंय.